एलडी-५० चा मेल आला की: सोलापूरच्या केमिकलवाल्यांसाठी प्राण्यांशिवाय सुरक्षा-चाचणीची वाट

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या केमिकलवाल्याचा फोन आला. "ओ, टॉवेलवाल्या पार्टीचा मेल आलाय. आपल्या वेटिंग एजंटचा एलडी-५० रिपोर्ट मागतायत, शिवाय डोळ्याचा आणि कातडीचा. लॅबनं कोटेशनपण पाठवलंय. सही करू का?"

मी म्हटलं, "सही करू नका. कोटेशन आधी मला पाठवा."

वेटिंग एजंट म्हणजे कापड पाण्यानं लवकर भिजावं म्हणून घालायचं केमिकल. त्या कोटेशनवर तीन ओळी होत्या: ओईसीडी ४२३, ओईसीडी ४०४, ओईसीडी ४०५. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ठरवलेल्या चाचण्यांचे हे क्रमांक. बाजूला रक्कम आणि किती दिवसांत रिपोर्ट मिळेल ते. प्राण्याचं नाव कुठेच नव्हतं. पण ४२३ म्हणजे एलडी-५० चा, म्हणजे किती मात्रेला निम्मे प्राणी मरतात त्याचा, अंदाज घ्यायला पांढऱ्या उंदरांना नळीनं तोंडावाटे केमिकल पाजायचं. ४०४ म्हणजे सशाच्या पाठीचे केस काढून त्या कातडीवर लावायचं. ४०५ म्हणजे सशाच्या खालच्या पापणीत ०.१ मिलिलिटर सोडायचं आणि पुढे २१ दिवसांपर्यंत डोळा बघत राहायचं.

अशाच एका कोटेशनवर बारा-तेरा वर्षांपूर्वी मी सही केली होती. तेव्हा मी एका छोट्या कारखान्याचे कागद सांभाळत होतो. रिपोर्ट आला, फाइलला लावायच्या आधी चाळला. एका पानावर तक्ता होता. प्राणी क्रमांक १, मादी. एक तास, २४ तास, ४८ तास, ७२ तास अशा रांगा, आणि बुबुळासमोरच्या पडद्याची अपारदर्शकता, लाली, सूज असे रकाने. अपारदर्शकतेच्या रकान्यात ३, ३, ३. खाली एक ओळ: इजा गंभीर असल्याने चाचणी थांबवून प्राण्यास वेदनारहित मृत्यू देण्यात आला. त्या दिवशी मी कच्च्या मालाची फाइल उघडली. पुरवठादाराच्या एसडीएसवर, म्हणजे मालाच्या सुरक्षा-माहितीपत्रकावर, पहिल्याच पानावर छापलेलं होतं, एच-३१८, डोळ्याला गंभीर इजा. आमच्या मालात तो घटक पंचवीस टक्क्यांच्या वर होता. उत्तर माझ्याच कपाटात होतं आणि ते मी एका सशाच्या डोळ्यातून पुन्हा काढून घेतलं.

तेव्हापासून हे काम मी एका ठरावीक क्रमानं करतो. आपल्याकडे चादर-टॉवेलच्या धंद्याला ऑक्झिलरी, म्हणजे धुलाई-रंगाईला लागणारी मदतनीस केमिकलं, पुरवणारे, साबण-फिनाइल बनवणारे, रंगाचं मिश्रण करून विकणारे बरेच छोटे कारखाने आहेत. त्यांच्याकडे वेगळा रेग्युलेटरी विभाग नसतो. मालक, नाहीतर अकाउंट बघणारा मुलगाच हे मेल हाताळतो. त्यांच्यासाठी हा क्रम सविस्तर लिहितोय.

पायरी पहिली: मागतंय कोण आणि कशासाठी?

मेल आला की लगेच लॅबला फोन करू नका. मेल पाठवणाऱ्याला उलटा एक प्रश्न विचारा: "हा आकडा तुम्हाला कुठल्या नियमासाठी हवाय?" निम्म्या वेळा समोरच्यालाही ते माहीत नसतं. त्याच्या बायरच्या एक्सेल शीटमध्ये एक रकाना रिकामा असतो, तो भरायचा असतो, एवढंच.

माल ऑरगॅनिक कापसाच्या टॉवेलसाठी असेल आणि मागणी गॉट्स या ऑरगॅनिक कापडाच्या प्रमाणपत्रासाठी असेल, तर गोष्ट अगदी स्पष्ट आहे. त्या मानकात तोंडावाटे एलडी-५० शरीराच्या वजनाच्या दर किलोला २००० मिलिग्रॅमच्या वर असावा अशी अट आहे (आकडा जितका मोठा तितका माल कमी विषारी). पण त्याच मानकात असंही आहे की, माहीत नसलेला एलडी-५० काढण्यासाठी नव्यानं प्राण्यांवर चाचणी करायची नाही. घटकांवरून गणित, सारख्या पदार्थांवरून अनुमान, संगणकीय अंदाज, पेशींवरची चाचणी हे मार्ग वापरायचे. म्हणजे बायरला खूश करायला म्हणून ४२३ करून घेतली, तर बायरच्याच मानकाविरुद्ध गेलात.

माल सौंदर्यप्रसाधन असेल, म्हणजे केसाचं तेल, उटणं, शाम्पू, फेस पावडर, तर प्रश्नच मिटला. भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आहे. त्याच वर्षी प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही बंदी आली, आणि २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांतही ती कायम आहे. बचत गटातल्या ताईंनी कुणाच्याही सांगण्यावरून असा रिपोर्ट मागवू नये.

युरोपात थेट केमिकल पाठवणार असाल तर रीच हा तिथला केमिकलांचा कायदा लागतो. त्याच्या २५ व्या कलमात लिहिलंय की पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरची चाचणी हा शेवटचा उपाय, आणि आधी कुणी ती केलेली असेल तर ती पुन्हा करायची नाही, माहिती वाटून घ्यायची. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं १७ वं कलम हेच सांगतं: जिथे प्रयोग टाळता येतो तिथे टाळा. प्राणी वापरणाऱ्या प्रत्येक लॅबमध्ये प्राणी नैतिकता समिती असते, आणि पर्याय शोधला का, हा प्रश्न तिनं विचारायचाच असतो. गिऱ्हाईक म्हणून तुम्हीही विचारू शकता.

पायरी दुसरी: कपाट उघडा

कोऱ्या कागदावर तुमच्या मालातला प्रत्येक घटक, त्याचा कॅस नंबर (प्रत्येक केमिकलचा ठरलेला ओळख-क्रमांक) आणि टक्केवारी लिहा. "सिक्रेट फॉर्म्युला आहे" म्हणून हे टाळू नका. कागद तुमच्याच टेबलावर राहणार आहे. मग प्रत्येक पुरवठादाराकडून ताजा एसडीएस मागवा. बाजारात त्याला अजून एमएसडीएस म्हणतात. त्यात १६ भाग असतात. तुम्हाला हवेत ते २, ३, ९, ११ आणि १२. भाग २ मध्ये धोक्याचे कोड, ३ मध्ये घटक, ९ मध्ये पीएच, ११ मध्ये माणसाच्या आरोग्याची माहिती, १२ मध्ये पाण्यातल्या जीवांची.

अकरावा भाग नीट वाचा. तिथे "माहिती उपलब्ध नाही" असं सगळीकडे लिहिलेलं असेल तर तो पुरवठादार आळशी आहे. त्याला लिहा, फोन करा, पुन्हा लिहा. बहुतेक मोठ्या उत्पादकांकडे माहिती असते, मधल्या व्यापाऱ्यानं ती गाळलेली असते. तरीही मिळाली नाही तर युरोपच्या केमिकल एजन्सीच्या (ECHA) संकेतस्थळावर कॅस नंबर टाका. रीचखाली नोंदलेल्या पदार्थांची माहिती तिथे कुणालाही फुकट बघता येते. ओईसीडीच्या ई-केम-पोर्टलवर अनेक देशांची माहिती एकत्र शोधता येते. आपल्या डाय-हाऊसमध्ये रोज वापरली जाणारी केमिकलं, म्हणजे कॉस्टिक, सोडा ॲश, ॲसेटिक ॲसिड, पेरॉक्साइड, हायड्रो, यांच्यावरचं काम कित्येक दशकांपूर्वीच होऊन गेलंय. त्यांच्यासाठी आता एकही प्राणी वापरायची गरज नाही.

आणि पीएच मोजा. खरंच मोजा, पट्टीनं नको, मीटरनं. केमिकलचे धोके ठरवून लेबल लावायच्या, जगभर मान्य असलेल्या जीएचएस पद्धतीत पीएच २ किंवा त्याखाली, किंवा ११.५ किंवा त्यावर असेल तर माल कातडी आणि डोळा जाळणारा धरतात. आम्लाची-अल्कलीची ताकद फारच कमी आहे असं दाखवता आलं तरच अपवाद. कॉस्टिक घातलेल्या स्कावरिंग एजंटची चाचणी सशावर करणं म्हणजे चुलीत हात घालून ती गरम आहे का ते बघणं. सशांवरच्या चाचणीची जी ओईसीडी मार्गदर्शिका आहे, तिच्यातच लिहिलंय की आधी जुनी माहिती, मग पीएच, मग काचेतल्या, म्हणजे प्राण्याबाहेर पेशींवर होणाऱ्या, चाचण्या, आणि या सगळ्यातून उत्तर मिळालं तर प्राण्याला हात लावू नका.

पायरी तिसरी: गणित

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त प्राणी इथेच वाचतात आणि सगळ्यात कमी लोकांना ही पायरी ठाऊक असते. मिश्रणाचा धोका घटकांवरून काढायची सूत्रं जीएचएसमध्ये दिलेली आहेत. ती वापरायला लॅब लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो.

फोन केलेल्या त्या गृहस्थांचा वेटिंग एजंट घेऊ. ३० टक्के फॅटी अल्कोहोल इथॉक्सिलेट, १२ टक्के सल्फोसक्सिनेट (दोन्ही साबणासारखे सर्फॅक्टंट), बाकी पाणी. इथॉक्सिलेटच्या एसडीएसवर एच-३०२ म्हणजे गिळल्यास अपायकारक, आणि एच-३१८. सल्फोसक्सिनेटवर एच-३१५ म्हणजे कातडीला त्रास, आणि एच-३१८. तोंडावाटे ते अपायकारक नाही असं पुरवठादाराचं म्हणणं.

डोळा आधी. डोळ्याला गंभीर इजा करणारे घटक मिळून ३ टक्के किंवा जास्त झाले की सगळा माल त्याच वर्गात जातो. इथे ३० आणि १२ मिळून ४२. संपलं. ओईसीडी ४०५ ची ओळ कोटेशनवरून खोडा.

कातडी. जळजळ करणारे घटक १० टक्के किंवा जास्त असतील तर मालावर एच-३१५ लागतो. इथे १२. म्हणजे गणितानं एच-३१५ लागला. पण इथे थोडी जागा आहे, त्याबद्दल पुढे.

आता एलडी-५०. सूत्र असं: १०० ला मिश्रणाच्या आकड्यानं भागलं की जे येतं, ते प्रत्येक घटकाची टक्केवारी भागिले त्या घटकाचा आकडा, यांच्या बेरजेइतकं असतं. पाणी आणि बिनविषारी घटक सोडून द्यायचे. इथॉक्सिलेटच्या एसडीएसवर नुसता एच-३०२ होता, आकडा नव्हता. अशा वेळी त्या वर्गासाठी ठरवून दिलेला ५०० हा आकडा धरावा लागतो. ३० भागिले ५०० म्हणजे ०.०६. १०० भागिले ०.०६ म्हणजे १६६७. दोन हजाराच्या खाली! गृहस्थ घाबरले. त्यांना वाटलं, आता उंदरांशिवाय सुटका नाही.

मी त्यांना म्हटलं, पुरवठादाराला एकच ओळ लिहा: "भाग ११ मधला तोंडावाटे एलडी-५० चा प्रत्यक्ष आकडा कळवा." चार दिवसांनी उत्तर आलं, १२००. आता ३० भागिले १२०० म्हणजे ०.०२५, आणि १०० भागिले ०.०२५ म्हणजे ४०००. मालावर तोंडावाटे विषारीपणाचा शिक्का नाही, गॉट्सची अटही पार. ओईसीडी ४२३ ची ओळ खोडली. मध्ये लागलं काय, तर एक ईमेल.

ॲलर्जीसाठीही अशाच मर्यादा आहेत. कातडीला ॲलर्जी देणारा घटक साधारणपणे १ टक्का असेल तर सगळ्या मालावर तो कोड येतो, जोरदार ॲलर्जी देणारा असेल तर ०.१ टक्क्यालाच. सॉफ्टनरमध्ये माल नासू नये म्हणून घातलेली प्रिझर्व्हेटिव्ह इथे बहुतेकदा पकडली जातात. त्यांच्या एसडीएसवर याहूनही कमी मर्यादा दिलेली असू शकते, ती बघा.

हे गणित एका पानावर स्वच्छ लिहा, तारीख घाला, आकडे कुठून घेतले ते लिहा, सही करा. बहुतेक बायर हे पान घेतात. घेत नसतील तर कुठल्या नियमाखाली घेत नाहीत, हे लेखी मागा.

पायरी चौथी: कॉम्प्युटरला विचारा, पण डोळे झाकून नको

एखाद्या घटकाची काहीच माहिती कुठेच नसेल, तेव्हा रेणूच्या रचनेवरून अंदाज बांधणारी सॉफ्टवेअरं आहेत. ओईसीडीचा क्यूसार टूलबॉक्स, व्हेगा, टॉक्सट्री, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं टेस्ट, सगळी फुकट आहेत. रसायनशास्त्रात एमएस्सी झालेला कुणीही महिनाभरात ती शिकतो.

दोन सावधगिऱ्या. एक, ही सॉफ्टवेअरं एकेका रेणूसाठी आहेत, तुमच्या ड्रमातल्या मिश्रणासाठी नाहीत. दोन, प्रत्येक उत्तराबरोबर "हा रेणू माझ्या ओळखीच्या पदार्थांपैकी आहे की नाही" हेही ती सांगतात, आणि ती ओळ वाचायचीच. सर्फॅक्टंट आणि मोठ्या रंगांच्या बाबतीत ती बऱ्याचदा "नाही" असते. तिथे तो आकडा वापरू नका, मग तो कितीही सोयीचा असो.

पायरी पाचवी: खरंच चाचणी लागली तर पेशींवर

वरच्या चारही पायऱ्यांनंतर प्रश्न उरला तरच लॅब. आता तिथे सशाऐवजी काय मागायचं?

कातडीसाठी ओईसीडी ४३९. माणसाच्या कातडीच्या पेशी, बहुधा शस्त्रक्रियेत उरलेल्या कातडीतून दात्याच्या संमतीनं घेतलेल्या, एका छोट्या प्लास्टिकच्या कपात वाढवतात. वरून हवा, खालून पोषक द्रव, आणि काही दिवसांत थरावर थर चढून खरी बाह्यत्वचा तयार होते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विश्वास बसला नाही: शर्टाच्या बटणाएवढा पांढुरका, किंचित ओलसर ठिपका. त्यावर तुमचं केमिकल ठरावीक वेळ लावतात, धुतात, बहुतेक मॉडेलमध्ये ४२ तास ठेवतात. मग एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. किती जांभळं झालं ते मोजायचं. निम्म्याहून जास्त पेशी जिवंत राहिल्या तर माल जळजळ करणारा नाही, निम्म्या किंवा कमी राहिल्या तर आहे. कातडी जळते का, हे बघायला याच ठिपक्यांवर ४३१ क्रमांकाची चाचणी होते.

इथे आपल्या गावासाठी एक खास गोष्ट. तुमचा माल रंगीत असेल, आणि सोलापुरात तो असणारच, तर रंग त्या ठिपक्यात राहतो आणि जांभळं मोजताना मशीन फसतं. नेव्ही ब्लू किंवा व्हायोलेट रिॲक्टिव्ह रंग असेल तर सगळ्याच पेशी जिवंत आहेत असं दिसू शकतं! म्हणून लॅबला आधी सांगा की नमुना रंगीत आहे, आणि विचारा की जांभळा पदार्थ एचपीएलसीनं वेगळा करून मोजाल का. ओईसीडीच्या मार्गदर्शिकेत त्याला परवानगी आहे. ज्या लॅबला हा प्रश्नच कळत नाही, तिथे रंगाचा नमुना पाठवू नका.

डोळ्यासाठी पर्याय बरेच आहेत. ४९२ आणि ४९२-बी मध्ये माणसाच्या पेशींपासून वाढवलेला बुबुळासमोरचा पडदा वापरतात. ४९२ "त्रास नाही" एवढंच खात्रीनं सांगते. ४९२-बी त्रास नाही, त्रास होतो, गंभीर इजा होते असं वेगळं करते. ४३८ मध्ये खाटीकखान्यातून आणलेला कोंबडीचा डोळा आणि ४३७ मध्ये गाय-बैलाचा डोळा लागतो. कत्तल खाण्यासाठी झालेलीच असते, चाचणीसाठी वेगळा जीव जात नाही. पण महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आहे. त्यामुळे ४३७ सुचवली तर डोळे कुठून येतात ते विचारा. मला विचाराल तर मी माणसाच्या पेशींची चाचणी आधी मागतो. सशाच्या डोळ्याला तिसरी पापणी असते, तो कमी पापण्या मिटतो, त्याला अश्रू कमी येतात. आपल्या कामगाराच्या डोळ्याचं उत्तर त्याच्याकडून मागणं मुळातच लटकं आहे. जॉन ड्रेझ यांची सशाची पद्धत १९४४ ची. १९७१ साली वेल आणि स्काला यांनी तेच पदार्थ अनेक लॅबना देऊन पाहिले, तेव्हा एका लॅबमधला सौम्य पदार्थ दुसरीत तीव्र ठरला होता. तरीही लोक त्याला "पक्का रिपोर्ट" म्हणतात, याचं मला आजही वाईट वाटतं.

कातडीच्या ॲलर्जीसाठी पूर्वी गिनीपिग वापरायचे, नंतर छोटे उंदीर. आता तीन चाचण्यांचा संच आहे. ४४२-सी मध्ये केमिकल प्रथिनाच्या तुकड्यांना चिकटतं का ते बघतात, ४४२-डी मध्ये कातडीच्या पेशी धोक्याची घंटा वाजवतात का, ४४२-ई मध्ये रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात का. तीनपैकी दोन जे म्हणतील ते उत्तर. या बेरजेच्या पद्धतीला ओईसीडीनं २०२१ मध्ये ४९७ क्रमांकाची मार्गदर्शिका म्हणून मान्यता दिली. रंगीत मालाची अडचण इथेही येते, कारण ४४२-ई मध्ये प्रकाश मोजतात.

जनुकांवरच्या परिणामासाठी एम्स चाचणी, ओईसीडी ४७१, जिवाणूंवर होते. आता एक प्रामाणिक गोष्ट: या चाचणीत वापरलं जाणारं एस-९ हे द्रव्य उंदराच्या यकृतापासून बनतं, आणि बऱ्याच पेशी वासराच्या रक्ताच्या द्रवात वाढवतात. त्यामुळे "शंभर टक्के प्राणीमुक्त" असं पॅकवर छापू नका. जे आहे तेच लिहा: चाचणी जिवंत प्राण्यावर केलेली नाही. अॅझो रंगांसाठी मात्र खरा प्रश्न रंग तुटल्यावर कुठला घातक अमाइन (रंगाच्या रेणूचा तुकडा) निघतो हा आहे. युरोपात अशा २२ अमाइनांवर दर किलोला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, भारतानंही १९९७ मध्ये असे रंग वापरण्यावर बंदी आणली. तो रिपोर्ट साध्या रासायनिक चाचणीनं मिळतो, त्याचा प्राण्यांशी काहीच संबंध नाही.

माशांचं थोडक्यात. बायर मालासाठी माशांची चाचणी, ओईसीडी २०३, मागत असेल तर आधी पाणपिसूची (डॅफ्निया या पाण्यातल्या बारीक जीवाची) २०२ आणि शेवाळाची २०१ मिळते का बघा, मग झेब्राफिशच्या गर्भाची २३६ किंवा माशाच्या कल्ल्यांच्या पेशींची २४९ सुचवा. २४९ ला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात एकही मासा लागत नाही. ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, पाण्याचं वेगळं आहे. आपल्याकडच्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांमध्ये ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत राहावेत अशी अट आहे. प्रदूषण मंडळानं दिलेल्या तुमच्या कंसेंटवर ती असेल तर ती पाळावीच लागेल; पण दर आठवड्याला स्वतःच्या समाधानासाठी टाकीत मासे सोडायची गरज नाही. रोजच्या तपासणीला पाणपिसू चालतो, आणि पाणी बिघडलं की तो बऱ्याचदा माशाच्या आधी सांगतो.

पायरी सहावी: लॅबशी बोलताना

लॅबकडे राष्ट्रीय जीएलपी (प्रयोगशाळेच्या चांगल्या कामाची पद्धत) प्राधिकरणाचं प्रमाणपत्र आहे का, आणि त्या प्रमाणपत्राच्या कार्यक्षेत्रात काचेतल्या चाचण्या आहेत का, हे दोन्ही बघा. २०११ पासून भारत ओईसीडीच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेचा पूर्ण सदस्य आहे, म्हणजे इथला जीएलपी रिपोर्ट युरोप-अमेरिकेत मान्य व्हायला हवा. सोलापूरला पुणे आणि हैदराबाद दोन्ही बाजूंनी जवळ, त्यामुळे नमुना पाठवणं अवघड नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये पार्सल दुपारच्या उन्हात गाडीच्या टपावर जाऊ देऊ नका. बेचाळीस डिग्रीत इमल्शन फुटतं, आणि मग फुटलेल्या मालाचा रिपोर्ट येतो.

वाढवलेली कातडी काही दिवसच टिकते, म्हणून लॅब ती मागवून ठरावीक तारखेला चाचणी लावते. "परवा हवाय" म्हटलं की लॅबवाला तुम्हाला सशाकडे वळवेल, कारण ससे तयार असतात. महिनाभर आधी विचारा.

आणि पर्चेस ऑर्डरवर हा मजकूर जसाच्या तसा घाला:

"या नमुन्याची चाचणी फक्त ओईसीडी ४३९ नुसार, मानवी पेशींपासून वाढवलेल्या त्वचेवर करावी. नमुना रंगीत असल्यास रंगाचा अडथळा तपासून रिपोर्टमध्ये नोंदवावा. चाचणी अनिर्णित राहिल्यास आम्हाला कळवावे. आमच्या लेखी परवानगीशिवाय या नमुन्याची कोणतीही चाचणी जिवंत प्राण्यावर करू नये."

शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. ती नसेल तर निकाल काठावर आला की लॅब आपणहून "खात्री करून घेते", आणि ती खात्री कशी करतात ते तुम्हाला बिलावर कळतं.

जिथे अजून वाट पूर्ण झालेली नाही

महिनोन्महिने थोडं थोडं पोटात गेलं तर काय, गर्भावर काय परिणाम होतो, यांचं उत्तर पेशी अजून एकट्यानं देऊ शकत नाहीत. पण तो बोजा तुमच्यावर नसतोच. तो मूळ रेणू बनवणाऱ्यावर असतो. त्याच्या माहितीचा आधार घ्या. औषधांच्या बाबतीतही आपल्या देशाच्या नियमांत २०२३ मध्ये बदल झाला, पेशी, चिपवरचे अवयव आणि संगणकीय पद्धतींना जागा मिळाली.

श्वासातून होणाऱ्या ॲलर्जीला तर प्राण्यांवरचीही मान्य चाचणी नाही. आणि आपल्या डाय-हाऊसला खरा धोका तोच आहे. रिॲक्टिव्ह रंगाची पावडर उघड्या तराजूवर तोलणाऱ्या कामगाराला दमा लागू शकतो, हे माणसांच्या अनुभवातून माहीत झालंय. त्यासाठी कुठलाही रिपोर्ट मागवू नका. तोलायच्या जागी धूळ ओढणारा पंखा लावा, कामगाराला गळ्यात लटकता रुमाल नको, नीट बसणारा मास्क द्या.

त्या गृहस्थांच्या कोटेशनवर शेवटी एकच ओळ उरली. गणितानं कातडीचा एच-३१५ लागला होता, पण त्यांना वाटत होतं माल त्याहून सौम्य आहे. म्हणून ४०४ खोडून ४३९ लिहिली आणि नमुना पाठवला. तीन ठिपक्यांची सरासरी ३८ टक्के आली. माल जळजळ करणारा निघाला, गणित बरोबर होतं. त्यांना थोडं वाईट वाटलं. मी म्हटलं, अण्णा, आता ड्रमवर जाळणाऱ्या पदार्थाचं चिन्ह असलेलं लेबल लावा, त्यावर एच-३१८ आणि एच-३१५ दोन्ही लिहा, आणि ज्या पोराच्या हातात मापाचा मग असतो त्याला कोपरापर्यंतचे हातमोजे द्या.

परवा ते सांगत होते, इथॉक्सिलेटचा पुरवठादार बदललाय, नव्याचा दर बरा आहे. त्याचा एसडीएस अजून आलेला नाही. तो आला की ते पान पुन्हा नव्यानं भरायचंय.